शिल्लक न पाहता उघडलेलं दार

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण जिचं आहे, तिच्याशी माझं रक्ताचं कसलंच नातं नव्हतं. नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या दवाखान्यात ती परिचारिका होती. माझी आई त्याच दवाखान्यात आया म्हणून काम करायची. आई गेली तेव्हा मी मराठी शाळेत होतो. वडील साखर कारखान्यावर हंगामी कामगार. सहा महिने काम, सहा महिने वाट पाहणं. आईच्या दफनविधीनंतर ती आमच्या घरी आली आणि वडिलांना म्हणाली, "पोरगं अभ्यासात बरं आहे. माझ्याकडे राहू द्या. तुम्ही येत जा, बघत जा." मी तिला मावशी म्हणू लागलो, आणि कॉलेज संपेपर्यंत तिच्याच घरी राहिलो.

तिने मला जेवू घातलं, शिकवलं, आजारपणात रात्री जागवल्या. या उपकारांची मोजदाद मी करू शकतो. तिने दिलेली एक गोष्ट मात्र मोजता येत नाही आणि माझ्या आयुष्याला खरं वळण त्याच गोष्टीने दिलं. उद्याच्या भीतीने आजचा हात आखडता घ्यायचा नाही, हे तिने मला शिकवलं. उपदेश करून शिकवलं नाही. मी तिच्या घरात राहिलो आणि पाहत गेलो.

गरिबाला उद्याची भीती वाटते, त्यात नवल काहीच नाही. माझे वडील पगाराच्या दिवशीही उदास असायचे, कारण हंगाम कधी संपणार हे त्यांना ठाऊक असायचं. पोटभर जेवलेल्या माणसाने त्यांना 'देवावर भरवसा ठेवा' असं सांगितलं असतं तर ते क्रूरपणाचंच ठरलं असतं. मावशीला मात्र ते सांगण्याचा अधिकार होता. पंडिता रमाबाईंनी अनाथ मुली आणि विधवांसाठी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ती वाढली होती. तान्ही असताना तिला तिथे कुणी आणून सोडलं, हे तिला अखेरपर्यंत कळलं नाही. बापाचं नाव नाही, गावाचं नाव नाही, सात-बारावर कुठे नोंद नाही. आधाराला धरावी अशी एकही गोष्ट न घेता ती जगात आली होती.

पंडिता रमाबाईंना तिने लहानपणी पाहिलं होतं. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची असेल. पांढरी साडी, कमी ऐकू येत असल्यामुळे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे एकाग्रतेने पाहणं, आणि पुढ्यात सतत बायबलच्या भाषांतराचे कागद, एवढंच तिला नीट आठवायचं. त्या भाषांतराचे खिळे मुक्तीतल्याच मुली जुळवायच्या, छपाईही तिथल्याच छापखान्यात व्हायची. लहान मुलींना छापील फर्मे दुमडायला बसवत. शाईचा वास नाकात गेला की मावशीला केडगाव आठवायचं.

रमाबाईंची गोष्ट तिने मला कितीदा सांगितली असेल! पण ती थोर बाईंची जीवनकथा म्हणून कधीच सांगायची नाही. आपल्या घरी रोजची भाकरी कुठून आली, हे आईने मुलाला सांगावं तशी सांगायची. अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासारख्या विद्वानाची ही मुलगी. 1874 ते 1877 च्या दुष्काळाच्या काळात वडील, आई आणि थोरली बहीण अशी एकामागून एक माणसं अन्नावाचून खंगून गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास देशभर पायी हिंडले. 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना गौरवलं. पण भुकेने पोट कसं पिळवटतं हे त्या विसरल्या नाहीत. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षं होण्याआधीच पती गेले, कडेवर तान्ही मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढल्या वर्षी ते पुण्याला नेलं. चार वर्षांत धर्मांतराच्या आरोपावरून गदारोळ झाला. पुण्यातल्या प्रतिष्ठितांनी पाठिंबा काढून घेतला, बऱ्याच पालकांनी मुली परत नेल्या.

मावशी ज्या प्रसंगावर नेहमी थांबायची तो यानंतरचा. शारदा सदनाचा खर्च अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनकडून येत असे. 1887 मध्ये बॉस्टनला स्थापन झालेल्या या मंडळाने दहा वर्षांची हमी दिली होती. ती मुदत संपल्यावर काय, याचा विचार रमाबाईंनी आधीच केला होता. केडगावला रेल्वेमार्गाजवळ सुमारे शंभर एकर जमीन घेऊन त्यांनी फळबाग लावायला घेतली होती. बागेच्या उत्पन्नावर पुढे शाळा चालावी, असा हिशेब होता. शहाण्या माणसाने करावी तशीच ही तजवीज, आणि मावशी तिला कधी नावं ठेवायची नाही. "झाडं लावणं हाही विश्वासच आहे," असं म्हणायची.

पण बाग नवी असतानाच 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या. हमी संपत आलेली, बागेचं उत्पन्न हाती आलेलं नाही, पुण्यात पाठीशी कुणी नाही. अशा वेळी व्यवहार काय सांगतो? आहेत त्या मुली सांभाळा, बाकीच्यांसाठी हळहळा. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि दुष्काळी छावण्यांतल्या अनाथ मुली आणि तरुण विधवा घेऊन आल्या. तो आकडा वाढत वाढत सुमारे तीनशेवर गेला. पुण्यात प्लेग होता, तिथे इतक्या जणींना ठेवू देईनात. मग केडगावच्या त्या मोकळ्या रानातच निवारे उभे राहिले आणि फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर मुक्ती सदन उभं झालं. 1900 मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा पुन्हा तेच. तेव्हा केडगावातल्या मुली-बायकांची संख्या दीड हजाराच्या वर गेली होती.

हे धाडस आलं कुठून? रमाबाईंनी आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे. ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर, चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर, दक्षिण समुद्रातल्या बेटांवर गेलेले जॉन पेटन यांची चरित्रं त्यांनी वाचली आणि त्यांच्या मनात प्रश्न आला की जो देव तिकडे पुरवतो त्याच्यावर इथे, या देशात, विसंबता येईल की नाही? म्युलर यांनी ब्रिस्टलला अनाथ मुलांसाठी पाच मोठ्या इमारती उभ्या केल्या, त्यांत एका वेळी दोन हजारांवर मुलांची सोय होती. आयुष्यभरात दहा हजारांवर मुलं त्यांच्या छपराखाली वाढली. त्यांचे नेम दोन. गरज देवाला सांगायची, माणसांपुढे हात पसरायचा नाही. आणि कर्ज काढायचं नाही. आलेल्या पै-पैचा हिशेब मात्र ते दरवर्षी छापून प्रसिद्ध करायचे. मार्च 1898 मध्ये म्युलर वारले. त्याच वर्षी सप्टेंबरात केडगावच्या मुक्तीचं समर्पण झालं.

म्युलर यांचे ते दोन नेम आमच्या दोन खोल्यांच्या घरात मला पाहायला मिळाले. मावशीकडे लाल पुठ्ठ्याची एक वही असायची. डावीकडे 'आलं', उजवीकडे 'गेलं'. पगार हाती आला की उजवीकडची पहिली ओळ दशमांशाची. त्यानंतर किराणा, रॉकेल, माझी फी. डावीकडे तिच्या पगाराखाली मात्र अशा नोंदी असायच्या, ज्या मी दुसऱ्या कुणाच्या हिशेबात कधी पाहिल्या नाहीत. मेथीच्या दोन जुड्या, कुणाकडून. बोरांचा वाटा, कुणाकडून. पाळकसाहेबांच्या मुलाची जुनी पुस्तकं, इयत्ता आठवी. आलेली प्रत्येक वस्तू आणि ती देणाऱ्या माणसाचं नाव तिथे लिहिलेलं असे. रात्री झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत ती ती नावं घ्यायची. मी एकदा विचारलं, "मावशी, सगळं देव देतो म्हणतेस, मग माणसांची नावं कशाला लिहितेस?" ती म्हणाली, "अरे, देव देतो तो कुणाच्या तरी हातून देतो. ते हात विसरले तर देवालाही विसरल्यासारखं होईल."

त्या उत्तराने मला पुढे फार काही उलगडलं. देवावर भरवसा ठेवणारा माणूस कुणाचा मिंधा नसतो, अशी एक समजूत असते. मावशी तर सगळ्यांची ऋणी होती आणि त्याचा तिला आनंद वाटायचा. तिजोरीच्या आधाराने जगणाऱ्याला शेजाऱ्याची गरज पडत नाही. तिला रोज पडायची. शेजाऱ्यालाही तिची गरज पडायची. बाळंतपण असलं की मध्यरात्री कंदील घेऊन माणूस दारात उभा असायचा, आणि ती एका शब्दाने कुरकुर न करता निघायची.

लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेला एक दृष्टांत ती वेगळ्या बाजूने वाचायची. एका श्रीमंत शेतकऱ्याला भरघोस पीक आलं. जुनी कोठारं पाडून मोठी बांधू, मग जिवाला म्हणू की आता खुशाल खा-पी. त्याच रात्री त्याचा प्राण मागितला गेला. उपदेशात यावर बहुधा मरणाची अनिश्चितता सांगतात. मावशी म्हणायची, "नीट बघ, त्या सगळ्या गोष्टीत त्याच्याजवळ दुसरं माणूसच नाही. बायको नाही, मूल नाही, गडी नाही, दारात भिकारी नाही. बोलतो तोही स्वतःशीच." याच्या जोडीला ती सारफथच्या विधवेची गोष्ट ठेवायची. दुष्काळ, घागरीच्या तळाशी मूठभर पीठ, थोडं तेल. ते खाऊन आपण आणि पोराने मरायचं, एवढाच तिचा बेत. अशा वेळी एलीया दारात येतो आणि पहिली भाकर मागतो. तिने ती दिली, आणि दुष्काळ संपेपर्यंत पीठ सरलं नाही. "तिचं पीठ वाढलं, पण कोठार काही झालं नाही," मावशी सांगायची. "रोजच्या पुरतं. पाहुणा घरात असेपर्यंत पुरेल एवढं."

भरवशाच्या नावाखाली दुसऱ्याच्या ताटातलं उचलून वाटणं मात्र तिला मान्य नव्हतं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तिच्या उशाशी असायची. रेव्हरंड नारायण वामन टिळक मोठे कवी, मोठे भक्त. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून, उद्याची कसलीही सोय न ठेवता, ते 'देवाचा दरबार' उभारायला निघाले. मावशीला त्यांच्याविषयी अपार आदर होता. पण घरात काही नाही आणि दारात माणसं उभी आहेत, असे प्रसंग लक्ष्मीबाईंनी कसे निभावले, ती पानं वाचताना तिचे डोळे भरून यायचे. "टिळकांचा विश्वास सगळ्यांना दिसला," ती म्हणायची. "चूल ज्या बाईने पेटती ठेवली, तिचा विश्वास त्याहून कमी होता का?" म्हणून तिचा एक नेम होता. स्वतःच्या वाट्यातलं द्यायचं. माझ्या वाट्यातलं द्यायचं झालं तर मला विचारायचं. शाळकरी पोराला विचारायचं! पण ती खरोखर विचारायची आणि माझ्या उत्तरासाठी थांबायची.

या सगळ्याची कसोटी 1972 मध्ये लागली. तो दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना वर्णन सांगायला नको. विहिरी तळाला गेल्या, जनावरं छावणीला किंवा कसायाला गेली, गावंच्या गावं दुष्काळी कामावर खडी फोडायला बसली. रेशनवर तांबडी मिलो मिळायची. तिची भाकरी थापताना कडा फाटायच्या. कामावर सुकडी वाटली जायची. मावशी तोवर निवृत्त झाली होती. निवृत्तीच्या वेळी मिळालेली थोडी रक्कम तिने पोस्टात ठेवली होती. घरात माझ्याशिवाय दोन मुलं आधीच होती.

एका संध्याकाळी खडीच्या कामावरची एक बाई दोन पोरींना घेऊन आली. नवरा कामाच्या शोधात मुंबईला गेला होता, त्याचा पत्ता नव्हता. हातांना चिंध्या गुंडाळलेल्या, चिंध्यांवर दगडाची पांढरी भुकटी. "बाई, पाऊस पडेस्तोवर ह्या दोघींना तेवढं ठेवून घ्या," ती म्हणाली. मावशीने तिला बसवलं, पाणी दिलं, आणि आत येऊन पिठाचा डबा उघडला. मी जवळच होतो. तिने डबा तिरका करून कोपऱ्यातलं पीठ हाताने पुढे ओढलं, डब्याच्या बुडावर दोनदा थाप मारून परातीत झाडलं. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "उद्या सकाळची तुझी भाकरी यांना गेली तर चालेल?" मी मान हलवली. पहिल्या दोन भाकरी त्या पोरींच्या ताटात गेल्या. बाईलाही तिने जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

त्यानंतरचे महिने सुखाचे होते, असं मी म्हणणार नाही. पोस्टातली रक्कम संपली. कित्येक दिवस एकवेळ जेवलो. मावशीने कुणापुढे हात पसरला नाही, उधारी केली नाही. पहाटे गुडघे टेकून प्रार्थना करायची आणि उजाडल्यावर शिवणयंत्रावर बसायची. प्रार्थना झाली म्हणून शिवण थांबलं नाही, शिवण आहे म्हणून प्रार्थना चुकली नाही. मुक्तीत ती हेच शिकली होती. तिथे शेती होती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना होता. देव पुरवील म्हणून हातावर हात ठेवून कुणी बसत नसे.

अशाच एका सकाळी शेवगावकडचा एक शेतकरी बैलगाडी घेऊन दारात आला. मला तो अनोळखी. त्याने जुनं पेव उघडलं होतं आणि त्यातल्या ज्वारीचं एक पोतं आमच्या ओसरीवर उतरवलं. "सिस्टर, तुमच्या हातची पोर आता शाळंला जाती," एवढंच बोलला आणि पाणी पिऊन निघून गेला. पेवातल्या ज्वारीला एक कोंदट वास असतो; पण त्या दिवशीच्या भाकरीची चव माझ्या जिभेवर अजून आहे. मावशीने वही काढली आणि डावीकडे लिहिलं, ज्वारी, एक पोतं. पुढे त्याचं नाव आणि गाव.

हा प्रसंग मी चमत्कार म्हणून सांगत नाही. कारण त्याच उन्हाळ्यात त्या दोन पोरींतली धाकटी गोवराने गेली. दवाखाना जवळ होता, मावशी स्वतः परिचारिका होती, रात्रंदिवस प्रार्थना चालली होती. तरीही गेली. तिची आई आली तेव्हा मावशीने देवाची इच्छा वगैरे काहीही सांगितलं नाही. तिला कुशीत घेऊन बसली आणि तिच्याबरोबर रडली. नंतर मी विचारलं, "मावशी, असं का झालं?" ती म्हणाली, "मला ठाऊक नाही रे. पण तो आपल्याला सोडून गेलेला नाही, एवढं ठाऊक आहे." मग तिने मला मनोरमाबाईंची आठवण सांगितली. रमाबाईंची एकुलती एक मुलगी, जिच्या हाती सगळं काम सोपवायचं होतं, ती जुलै 1921 मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई स्वतः थकलेल्या, आजारी. तरी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही, मुली उपाशी राहिल्या नाहीत, प्रार्थनेची घंटा चुकली नाही. विश्वास म्हणजे दुःखाविरुद्ध उतरवलेला विमा नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं. भरवसा ठेवणाऱ्याचंही मूल जातं, त्याचाही डबा रिकामा होतो. त्याच्या दुःखात देव त्याच्यापाशी असतो, आणि त्यामुळे तो दुसऱ्याच्या दुःखापाशी बसू शकतो.

थोरली पोर पाऊस पडल्यावर आईबरोबर गेली. पुढे ती परिचारिका झाली. मावशीच्या शेवटच्या आजारपणात तिची वेणीफणी करायला, तिला अंघोळ घालायला तीच येऊन राहिली होती. मावशी गेली तेव्हा तिच्या नावावर काही नव्हतं. अंत्यविधीला माणसं मात्र इतकी आली की देऊळ अपुरं पडलं. ख्रिस्ती होती, हिंदू होती, मुसलमान होती. त्यांतली किती तरी तिच्या हातावर जन्मली होती.

मी पुढे बँकेत नोकरी केली. लोकांच्या ठेवी सांभाळणं, कर्जाचे कागद तपासणं यात माझं आयुष्य गेलं. बचतीला, विम्याला, निवृत्तिवेतनाला मी कमी लेखत नाही. माझ्या वडिलांना यातलं काही असतं तर त्यांचं दुःख हलकं झालं असतं. पण टेबलापलीकडे बसलेल्या माणसांच्या डोळ्यांत मी एक गोष्ट वर्षानुवर्षं पाहिली. ठेव वाढते तशी भीती कमी होत नाही. किती झालं म्हणजे पुरे, हा आकडा पुढे पुढे सरकत राहतो आणि तोवर दार लावलेलं राहतं. रमाबाईंकडे हमी संपत आली असताना तीनशे मुलींना जागा होती. मावशीच्या डब्यात पीठ नसताना दोघींना जागा होती. ही जागा पैशाने तयार होत नाही. आपल्या जिवाची काळजी दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवली, म्हणजे मन आणि हात दोन्ही मोकळे होतात, आणि मोकळ्या झालेल्या हातात दुसऱ्याचं मूल मावतं. ख्रिस्ताने उद्याची चिंता करू नका असं सांगितलं, ते आपण निर्धास्त झोपावं एवढ्याचसाठी सांगितलं असं मला वाटत नाही. शेजारी उपाशी असताना आपण जागं राहावं, हेही त्यात आहे.

आज पुण्यात आमच्या घरातली एक खोली दुष्काळी तालुक्यांतून शिकायला येणाऱ्या मुलांसाठी असते. ती द्यायचं ठरवलं तेव्हा मी आधी पत्नीला विचारलं आणि तिच्या होकारासाठी थांबलो, कारण तो तिच्याही वाट्याचा प्रश्न होता. मुलांची जात कुठली, धर्म कुठला, हे आम्ही विचारत नाही. काही महिने ओढाताण होते. कुणाच्या ना कुणाच्या हातून ती निभते, आणि ते नाव मी लिहून ठेवतो. मावशीचं ऋण यातून फिटेल असं मला कधी वाटलं नाही, फिटावं अशी इच्छाही नाही. दारात कुणी उभं राहिलं की आधी घरातली शिल्लक पाहायची, ही जगाची रीत तिने माझ्यातून काढून टाकली. त्यासाठी मी प्रभूचे आणि तिचे, एकाच प्रार्थनेत, उपकार मानतो.